आधी वर्गणी आटते, मग जाहिरात, शेवटी सीएसआर

खान्देशात मंदी येते ती कापसाच्या गाडीतून आणि सुरतच्या रेल्वेतून. शेअर बाजार पडला तरी गावच्या जत्रेचं फारसं काही बिघडत नाही. घरात कापूस पडून राहिला किंवा सुरतचे माग थंडावले, की चैत्रात तमाशाची सुपारी द्यायला पैसे नसतात.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या भावाच्या आशेनं पुढच्या वर्षी अनेकांनी माल घरातच ठेवला आणि भाव उतरत गेला. अशा वर्षी शेतकरी कागदावर बुडालेला नसतो, पण खिशात रोकड नसते आणि वर्गणी रोकडीवर चालते. म्हणून ती चैत्राच्या तोंडावर मागू नये. घरोघरची यादी दिवाळीला करावी, कारण सुरतला कामाला गेलेली माणसं तेव्हाच गावी येतात. शेतकऱ्यांकडून पहिला हप्ता जानेवारीपर्यंत, कापसाची एखादी खेप विकली की घ्यावा. आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) थांबलात तर सालदाराचा, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचा हिशेब, बियाणं आणि लग्नं एकदमच समोर येतात. मग ‘यंदा राहू दे भो’ हेच ऐकायला मिळतं.

सुपारी मोडण्याआधी तमाशाच्या फडाचं गणित समजून घ्या. फडमालकानं दसऱ्याआधीच सावकाराकडून पैसे उचललेले असतात आणि कलाकारांना उचल वाटलेली असते. गावानं ऐनवेळी नाही म्हटलं तर त्याचं वाचतं फक्त डिझेल. पगार आणि जेवण चालूच. विसार बुडवून गाव मोकळं होतं, फड कर्जात रुततो. त्यापेक्षा शेजारच्या गावाशी बोलून लागोपाठच्या तारखा घ्या. ट्रकचा फेरा वाचतो, त्यामुळे मालक दर खरोखर कमी करू शकतो.

जळगाव-धुळ्याच्या शहरी कार्यक्रमांना झटका दुसरीकडून बसतो. पाइप, डाळ, सोनं, बांधकाम या धंद्यांच्या जाहिरातींवर स्मरणिका निघते आणि हात आखडला की पहिली कात्री तिथेच लागते. तोंडी ‘करू आपण’ला काही अर्थ नाही. पत्र घ्या आणि निम्मी रक्कम कार्यक्रमाआधी. पैसे जमत नसतील तर मंडप, खोल्या किंवा जेवण मागा, मंदीत ते देणं व्यापाऱ्याला सोपं जातं.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांनी कायद्यानं समाजासाठी करायच्या खर्चाबद्दल, मात्र फार गैरसमज आहेत. स्वतःची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व २०२१ च्या नियमांनुसार सीएसआरमध्ये धरलं जात नाही. कमानीवर कंपनीचं नाव झळकवण्याचं आमिष दाखवून सीएसआर मागणारं पत्र स्वतःच्याच पायावर धोंडा पाडतं. परंपरागत कला, वारसा आणि सार्वजनिक वाचनालयं मात्र कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेली आहेत, तेव्हा प्रस्ताव त्या भाषेत करा: वहीगायनाचं (खान्देशातली लोकगायनाची परंपरा) प्रशिक्षण, जुन्या ध्वनिफितींचं जतन, ग्रंथालय.

हा पैसा मंदीत उशिरा आटतो, कारण मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. समजा कंपनीचा नफा तीन वर्षं १२ कोटी होता, तर पुढच्या वर्षी देणं २४ लाख. त्या वर्षी नफा निम्म्यावर, म्हणजे ६ कोटींवर आला तरी त्याच्या पुढच्या वर्षीची सरासरी १० कोटी, देणं २० लाख. पण नफा ३ कोटींवर घसरला तर? लगतच्या वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी, नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी यांपैकी एकही अट पुरी होत नसेल, तर नवं बंधनच उरत नाही. उतार संपून एकदम कडाच येतो. एमआयडीसीतल्या मध्यम कंपन्यांचं हे असंच होतं, म्हणून एकाच कंपनीवर तीन वर्षांचा बेत उभारू नका.

देणं ५० लाखांपर्यंत असेल तर सीएसआर समिती बंधनकारक नसते, संचालक मंडळच ठरवतं. पत्र थेट तिकडे पाठवा, तेही एप्रिलमध्ये. मार्चमध्ये उरलेला पैसा संपवण्याची घाई असते हे खरं, पण तोवर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची), १२ए (संस्थेला आयकरात सूट), ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट) आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा तयार नसेल तर तो दुसऱ्याच्या पदरात पडतो.

सरकारी पैशाची तऱ्हा निराळी. ४ मे २०२० च्या निर्णयानं राज्यानं विकास खर्च ३३ टक्क्यांवर आणला. अशा वेळी संस्कृती रांगेत शेवटी उभी असते. पण ग्रंथालयांना त्याहून जास्त मार बसतो तो गोठलेल्या दरांचा. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचं वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार व्हायला बरीच वर्षं लागली, दरम्यान वर्तमानपत्रांची बिलं वाढतच राहिली.

छोट्या देणगीदाराला ‘८०जीची पावती देतो’ एवढं सांगून आता भागत नाही. नव्या करप्रणालीत ती वजावट नाही आणि जुन्या प्रणालीतही दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही.

पैसा कमी पडला की कलावंताचं मानधन आधी कापलं जातं, कारण मंडपवाला गावातला असतो आणि दारात येऊन उभा राहतो. हे उलटं करा. एलईडी पडदा, कमान आणि पाहुण्यांची स्मृतिचिन्हं आधी काढा. आणि चांगल्या वर्षी सगळं उधळू नका: नोंदणीकृत न्यासाला उत्पन्नाचे १५ टक्के बिनदिक्कत मागे ठेवता येतात. देणगीदारानं ‘कायम निधीसाठी’ असं लेखी दिलं तर ती रक्कम वेगळी ठेवता येते, मात्र ती कायद्यानं मान्य केलेल्या गुंतवणुकीतच हवी. खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात पडून राहिली तर लेखापरीक्षक हरकत घेतोच.