नाशिकच्या वाड्याची कमान आणि घारापुरीचा हत्ती

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की आमच्या घरी मुंबईचा बेत ठरतो आणि प्रत्येक वेळी यादी इतकी लांबते की परत येताना पाहिलेल्यापेक्षा राहून गेलेल्या ठिकाणांचीच चर्चा अधिक होते. या वेळीही मी सहा संग्रहालयांची नावे लिहून काढली होती. पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड सोडल्यावर बारा वर्षांच्या माझ्या भाचीने ती यादी वाचली आणि "मावशी, जेवायचं कधी?" एवढेच विचारले. इगतपुरी येईपर्यंत त्यातली चार नावे खोडली गेली. उरली ती दोन: शनिवारी फोर्टमधले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि रविवारी भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुक्काम दादरला नात्यातल्यांकडे असल्यामुळे दोन्ही ठिकाणे सोयीची होती.

फोर्टमधल्या संग्रहालयाला आमच्याकडची वडीलधारी मंडळी अजूनही 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणतात. १९०५ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते त्याची कोनशिला बसली, म्हणून ते नाव. सध्याचे नाव १९९८ पासूनचे आहे. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनी ही इमारत १९१४ पर्यंत पूर्ण केली, परंतु पहिल्या महायुद्धात तिचा वापर लष्करी रुग्णालयासाठी झाला आणि लोकांना दालने खुली झाली ती थेट १९२२ मध्ये. बागेतून चालत जाताना विजापूरच्या गोलघुमटाशी नाते सांगणारा मोठा घुमट दिसत राहतो. त्या घुमटाखालच्या मध्यवर्ती दालनात उभे राहून मान वर केली की लाकडी खांबांचे आणि कमानींचे एक वर्तुळाकार रिंगण दिसते. दगडी इमारतीच्या पोटात हे लाकूडकाम जरा अनपेक्षित वाटते. ते नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणून विटेट यांनी येथे बसवले आहे. मी शाळेच्या सहलीपासून आजवर तीन-चार वेळा या दालनातून गेले असेन, परंतु ही गोष्ट मला अलीकडे वाचनात आली तेव्हा कळली, आणि आपल्याच गावचे माणूस परगावी अवचित भेटावे तसे झाले. दोघी बराच वेळ तेथेच माना वर करून उभ्या राहिलो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना अडथळा झालो.

त्यानंतर यादी आपोआप बदलली. सगळी दालने पाहायची नाहीत. प्रत्येक वस्तू येथे कोठून आणि कशी आली, एवढेच पाहायचे, असे आम्ही ठरवले. अल्प मुक्कामात संग्रहालय पाहण्याची याहून चांगली युक्ती मला तरी अद्याप सापडलेली नाही, कारण दोन तासांत दोन हजार वस्तूंसमोरून चालण्यापेक्षा दहा वस्तूंसमोर थांबले तर पायही कमी दुखतात आणि लक्षातही काही राहते.

शिल्पदालनात या दृष्टीने पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ऐहोळेच्या मंदिरातला ब्रह्मदेवाचा शिल्पपट मुळात छताला होता, म्हणजे तो घडवणाऱ्याने खालून मान वर करून पाहणाऱ्यासाठी घडवला होता. आता आपण तो समोरून, डोळ्यांच्या रेषेत पाहतो. एवढ्या एका बदलाने देवाचा रुबाब बदलतो की नाही हे पाहण्यासाठी भाचीने शिल्पासमोर गुडघ्यांवर बसून वर पाहिले. सुरक्षारक्षकाने तिच्याकडे संशयाने पाहिले, परंतु प्रयोग मला मान्य होता. जवळच घारापुरीच्या लेण्यांमधून आलेली भग्न महिषासुरमर्दिनी आहे. सोपाऱ्याला १८८२ मध्ये सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही याच संग्रहालयात आहे. आजच्या नालासोपाऱ्यातून लोकलने रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना आपल्या गावी सम्राटाची आज्ञा ब्राह्मी लिपीत कोरलेली होती हे ठाऊक असेल, असा विचार तेथे हटकून येतो.

माझे मन अधिक रेंगाळले ते मीरपूरखासच्या मृण्मूर्तींपाशी. मीरपूरखास सिंधमध्ये, म्हणजे आज पाकिस्तानात. तेथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० च्या सुमारास केले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता, म्हणून तेथील बुद्धमूर्ती आणि इतर मृण्मूर्ती इलाख्याच्या राजधानीत आल्या आणि पुढे नकाशा बदलला तरी येथेच राहिल्या. त्यांत हाती कमळ घेतलेला एक उपासक आहे, साधारण पाचव्या शतकातला. भाजलेल्या मातीवर रंगाच्या खुणा अजून टिकून आहेत, केसांची कुरळी वळणे बारकाईने काढलेली आहेत आणि उभे राहण्यात अशी सहजता आहे की हा कोणा प्रत्यक्ष माणसाला समोर उभे करून घडवला असावा, असे मला दर वेळी वाटते. त्याच्यापुढे मला टाटा बंधूंनी दिलेल्या संग्रहातली युरोपीय चित्रे आणि चिनी भांडी फिकी वाटली. हा माझ्या आवडीचा दोष समजावा. शस्त्रदालनातून आम्ही भरभर गेलो. पेंढा भरलेल्या प्राण्यापक्ष्यांचे दालन मात्र भाचीच्या हट्टामुळे सावकाश पाहावे लागले.

बाहेर पडल्यावर काळा घोडा चौकात चहा घेतला. तेथे सध्या जो घोडा उभा आहे त्याच्यावर स्वार नाही. तो २०१७ मध्ये बसवलेला आहे. "मग खरा घोडा कुठे गेला?" या प्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम दुसऱ्या दिवसावर ठेवले.

रविवारी भायखळ्याला राणीच्या बागेसमोर रांग होती ती अर्थातच पेंग्विनसाठी. त्याच आवाराशेजारी असलेल्या संग्रहालयात तुलनेने शुकशुकाट होता, आणि आम्हाला तो सोयीचाच वाटला. हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय. त्याची सुरुवात १८५५ मध्ये टाउन हॉलच्या बराकींत झाली, परंतु १८५७ च्या धामधुमीत लष्कराला ती जागा हवी झाली आणि जमवलेल्या संग्रहाची मोठी नासधूस झाली. त्यानंतर नव्या इमारतीसाठी खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी होते. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले डॉक्टर. महारोगावरील औषधाचा शोध घेता घेता ते जुने शिलालेख आणि नाणी वाचत असत. १८७२ मध्ये 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' या नावाने सुरू झालेल्या संग्रहालयाला १९७५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. आत शिरताच हिरव्या-सोनेरी रंगातले ओतीव लोखंडाचे खांब, नक्षीदार फरशा आणि मधोमध व्हिक्टोरिया राणीचा पती प्रिन्स अल्बर्ट याचा पुतळा दिसतो. २००८ मध्ये जीर्णोद्धार पूर्ण होण्यापूर्वी मी ही वास्तू पाहिली होती. तेव्हाचा अंधार आणि धूळ आठवून मला ती ओळखूच येईना. वरच्या मजल्यावर मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. त्यांतल्या पगड्यांचे प्रकार पाहण्यातच आमचा पाऊण तास गेला, कारण प्रत्येक घडी वेगळी आणि प्रत्येकीचा मान वेगळा.

परंतु मला भाचीला दाखवायचा होता तो बाहेरचा हत्ती. घारापुरी बेटावर धक्क्याजवळ काळ्या पाषाणाचा हा प्रचंड हत्ती उभा होता. त्याच्यामुळेच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान गळून पडली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, परंतु उचलतानाच यारी तुटली आणि धड कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणण्यात आले आणि १९१४ मध्ये सांधून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. म्हणजे ज्या बेटाला त्याने नाव दिले तेथे तो नाही, आणि ज्या देशात न्यायचा होता तेथेही तो पोहोचला नाही. जवळून पाहिले की सांधे स्पष्ट दिसतात. भाचीने ते मोजायला सुरुवात केली आणि अकरावर गाडी अडली, कारण तडा कोणता आणि सांधा कोणता यावरून आमचे एकमत होईना.

आणि त्याच बागेत तो घोडाही आहे: सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाच्या काळातला अश्वारूढ पुतळा. १८७९ मध्ये बसवलेला, ससून घराण्याने शहराला दिलेला हा पुतळा १९६५ मध्ये चौकातून हलवला गेला. राजा गेला, घोडाही गेला, तरी चौकाचे नाव घोड्याकडेच राहिले, हे पाहून भाची मनापासून खूश झाली.

संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. कसारा मागे पडून गाडी घाट चढू लागली तेव्हा खिडकीबाहेर काळोख होता. भाचीने विचारले, "मावशी, ते वाड्याचे खांब याच घाटातून खाली उतरले असतील का गं?" संग्रहालयाची इमारत उभी राहत होती तेव्हा या घाटातून रेल्वे धावू लागल्याला चाळीसहून अधिक वर्षे झाली होती, तेव्हा उतरले असतीलही, असे मी म्हणाले. त्यावर मालगाडीच्या डब्यात एवढ्या मोठ्या कमानी कशा मावल्या असतील, याचा हिशेब ती वहीच्या मागच्या पानावर इगतपुरीपर्यंत मांडत बसली.