‘कृपया’वर अडकले

रात्री साडेअकरा.

दुपारपासून एकच शब्द डोक्यात घोळतोय. कृपया. मानसशास्त्रज्ञ मिलग्रामचा तो प्रयोग: ‘शिक्षक’ झालेल्या माणसाने पलीकडच्या ‘विद्यार्थ्या’ला प्रत्येक चुकीला वाढता विजेचा झटका द्यायचा (झटके खोटे, पण हे त्याला ठाऊक नाही), आणि तो कचरला की प्रयोगकर्त्याने ठरलेली वाक्यं म्हणायची. त्या संहितेतलं पहिलं वाक्य, ‘कृपया पुढे चालू ठेवा’. शेकडो वेळा वाचलेलं, पाठ असलेलं. आज ते नुसतं नजरेखालून गेलं आणि टोचलं. एवढ्या बदनाम प्रयोगाची सुरुवात ‘कृपया’ने?

वाक्यं चार, क्रम ठरलेला. ‘कृपया पुढे चालू ठेवा.’ मग ‘प्रयोगासाठी तुम्ही पुढे जाणं गरजेचं आहे.’ मग ‘तुम्ही पुढे जाणं अत्यंत आवश्यक आहे.’ शेवटी ‘तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही, पुढे जायलाच हवं.’ पहिल्याने भागलं नाही तरच दुसरं. चौथ्यावरही माणूस अडून बसला की प्रयोग बंद. नव्याने कुरकुर झाली की पुन्हा ‘कृपया’पासून. (प्रयोगाच्या टेपा ऐकलेल्यांनी पुढे दाखवून दिलं की प्रयोगकर्ता दरवेळी इतका शिस्तीत राहिला नव्हता. तो विषय आज नको.)

यातला खराखुरा हुकूम एकच, चौथा. आणि मानसशास्त्रज्ञ बर्गरने 2009मध्ये केलेल्या या प्रयोगाच्या पुनरावृत्तीतल्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या, तेव्हा ज्यांना चौथं वाक्य ऐकवावं लागलं त्यांतला एकही जण पुढे गेला नव्हता. चौथ्यापर्यंत पोचणारा आधीच हट्टी असणार, त्यामुळे हे फार ताणू नये, कळतं मला. तरीही. आज्ञापालनाच्या सगळ्यात गाजलेल्या प्रयोगात नेमकी आज्ञाच चालत नाही. चालतं ते आर्जव. आणि मी इतकी वर्षं कोष्टकं घोकत बसले. स्वतःचीच कीव येते अशा वेळी.

याला ‘आज्ञापालन’ का म्हणायचं? आपल्याकडे नेमका शब्द आहे: भीड.

ते यंत्र डोळ्यांपुढे आणलं की पटतं. 30 बटणं आडव्या रांगेत, 15 व्होल्टपासून 450पर्यंत, प्रत्येक पायरी 15ची. शिक्षक झालेला माणूस शब्दांच्या जोड्या वाचतो, मग जोडीतला पहिला शब्द आणि चार पर्याय. भिंतीपलीकडचा ‘विद्यार्थी’ उत्तर देतो, ते दिव्यावर दिसतं. चुकलं की आधी व्होल्टचा आकडा मोठ्याने सांगायचा, मग बटण दाबायचं. शेजारी करड्या कोटातला प्रयोगकर्ता. (चित्रांत तो कोट पांढराच काढतात, का कुणास ठाऊक.) 195ला दाबलं आणि 210ला नाही म्हणायचं, तर 195 का दाबलं याचा जाब कुणाला द्यायचा? न विचारताही तो प्रश्न खोलीत उभा असतो. 15-15च्या पायऱ्यांची खोच ही. थांबायला स्वच्छ जागाच ठेवलेली नाही.

एक जागा आहे, 150. तिथे पलीकडचा पहिल्यांदा ‘मला बाहेर काढा’ म्हणतो. पॅकर या संशोधकाने 2008मध्ये मिलग्रामचे आकडे एकत्र मांडले तेव्हा थांबण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त निघाली. 150ला विव्हळणं वाढतं म्हणून नव्हे, कुणीतरी थेट मागणी केली म्हणून. आता भीड दोघांची झाली.

भिडेचं माप तर मिलग्रामच्या वेगवेगळ्या फेऱ्यांच्या कोष्टकातच आहे. पलीकडच्याचा आवाज नाही, फक्त भिंतीवर धक्के: 40पैकी 26 शेवटपर्यंत, म्हणजे 65 टक्के. आवाज ऐकू येतो तेव्हा 62.5. तो त्याच खोलीत बसला की 40. त्याचा हात धरून झटक्याच्या पट्टीवर ठेवायचा असेल तर 30. आणि दोन प्रयोगकर्ते, एक म्हणतो चालू ठेवा, दुसरा म्हणतो थांबा: 20पैकी शून्य. भीड नक्की कुणाची धरायची हेच कळेना, की माणूस सुटला.

मिलग्रामच्या 1963च्या लेखात 40पैकी 14 जणांना ओशाळं हसू येत होतं अशी नोंद आहे. क्रूर माणूस असा हसत नाही. अवघडलेला हसतो.

हॅस्लम आणि रायशर या मानसशास्त्रज्ञांना हे पटायचं नाही. त्यांच्या मते लोकांना विज्ञानाचं काम मोलाचं वाटत होतं, म्हणून ते मनापासून साथ देत होते. मूळ प्रयोग येल विद्यापीठातला; ते नाव काढून ब्रिजपोर्ट शहरातल्या साध्या ऑफिसात नेलं तर आकडा 47.5वर आला, हा मुद्दा त्यांच्या बाजूचा. पण 47.5 म्हणजे काही थोडे नव्हेत. असो.

हॉफलिंगच्या 1966च्या रुग्णालयातल्या प्रयोगातल्या नर्सेसनी मात्र संध्याकाळी घोळ घातला. बाटलीवर जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम लिहिलेलं, फोनवरून अनोळखी डॉक्टर 20 द्यायला सांगतो, आणि 22पैकी 21 जणी द्यायला निघतात. मिलग्रामकडे प्रयोगकर्ता फोनवर गेला की आज्ञापालन गडगडून साधारण पाचव्या हिश्शावर येतं. मग इथे फोन कसा चालला? पुन्हा वाचलं. डॉक्टर म्हणाला होता, दहा मिनिटांत वर येतो, तेव्हा सही करतो. दहा मिनिटांत समोर उभा राहणार! रँक आणि जेकबसन यांनी 1977मध्ये तोच प्रयोग पुन्हा करताना ओळखीचं औषध घेतलं आणि नर्सेसना आपसात बोलू दिलं, तर 18पैकी दोघीच तयार झाल्या. शेजारणीला नुसतं ‘काय गं, हे बरोबर वाटतंय का?’ विचारता आलं, एवढ्यावर.

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तर ती 450 व्होल्टांची बहीण निघाली.

हे सगळं माहीत असून मी 150ला थांबले असते का? नऊ वाजेपर्यंत या प्रश्नाने जीव खाल्ला. मग मिलग्रामच्या फोनवाल्या फेरीतली माणसं आठवली आणि जरा हसू आलं. प्रयोगकर्ता खोलीबाहेर आहे, तरी काहींना त्याला ‘नाही’ म्हणवेना. मग ते बटण खालचं, कमी व्होल्टचंच दाबत राहिले आणि फोनवर सांगत राहिले, हो, वाढवतोय, ठरल्याप्रमाणे वाढवतोय.

मी त्यांच्यातली. खात्रीने.