रात्री : ताक

सकाळी ओट्यावर मुंग्यांची रांग. खिडकीतून निघून गॅसच्या मागून थेट वरच्या फळीवरच्या स्टीलच्या डब्यापर्यंत. सासूबाई चष्मा सारखा करत म्हणाल्या, "काय सांडलंय गं? एवढ्या मुंग्या कशा?" मी म्हटलं, "काय की." आणि फडकं ओलं करून पुसायला लागले.

काल रात्री साडेअकराला मी तिथंच उभी राहून तीन शेंगापोळ्या खाल्ल्या. पहिली नुसती, दुसरी तुपाशी. तिसरी कशाशी ते आठवतही नाही. मग ओटा चाचपून पुसला, ताक प्यायले आणि वहीत लिहिलं, "रात्री : ताक."

खाल्लं ते खाल्लं. पण लाइट का लावला नाही मी?

सकाळपासून हेच डोक्यात आहे. मला अडवणार कोण होतं? हे घोरत होते. सासूबाई उठल्या असत्या तर "खा की, सणाचं आहे" एवढंच म्हणाल्या असत्या. लेक पुण्यात. तरी मी फळीवरून डबा काढताना झाकण पदरात धरून उघडलं, आवाज नको म्हणून.

आणि हीच मी परवा सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यावर, टेचात फिरून आले! होम मैदानावर पाळणे, गर्दी, धूळ आणि दर दहा पावलांवर तेलाचा वास. सगळ्यांनी गरम भजी खाल्ली. "मला नको, माझं चालू आहे," असं मी जावेला ऐकवलंसुद्धा. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी अर्धीच घेतली. एरवी रोज ज्वारीची कडक भाकरी, पालेभाजी, दही. चटणी एक चमचा. सोलापुरात जन्मून शेंगाचटणी चमच्यानं मोजायची, यापरतं काय असतं! लेकीनं फोनवर हिशोब ऐकवला होता, 100 ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी. "आणि तू तर तेल सुटेस्तोवर कुटलेली थापतेस भाकरीवर." तेल सुटल्याशिवाय ती चटणी कसली, हे तिला कोण सांगणार.

एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, 6.1 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, चाला, तीन महिन्यांनी परत तपासू. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि रक्तातली साखर त्यांना चिकटून राहते म्हणे. म्हणजे वहीत मी काहीही लिहिलं तरी कालची नोंद तिकडं झालीच. शेंगदाण्यानं साखर फारशी चढत नाही, पण पोळीत गूळ आहे, मैदा आहे. गूळ चालतो, असं कुणी म्हटलं की मीच त्यांना गप्प करते. रात्री मात्र स्वतःशी म्हटलं, गूळच आहे की.

अप्पांचा पाय आठवला. ते आज नको.

दुपारपर्यंत तोंड पाडूनच होते. जाऊ दोन हातांनी जिलेबी खाते, तिचा रिपोर्ट स्वच्छ. मी अर्धी भाकरी मोडते आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या घरात चोर होते. कुणाला सांगायची पण सोय नाही.

मग मुंग्या झटकायला डबा खाली काढला. वहिनीनं पंधरा दिल्या होत्या, माझ्यासमोर मोजून. त्याच दिवशी ह्यांनी दोन खाल्ल्या, चिरंजीवांनी दोन. माझ्या तीन. आठ राहायला हव्यात.

सहा होत्या.

परत मोजल्या. सहाच. हे आणि चिरंजीव तर कालपासून वहिनीच्या पोळ्या संपल्या असंच धरून चाललेत. डबा वरच्या फळीवर आहे हे ठाऊक असलेली माणसं घरात दोनच.

सासूबाई बाहेर माळ ओढत बसल्या होत्या. दहा वर्षं झाली त्यांना गोळ्या चालू होऊन. मी दारातूनच म्हटलं, "आई, मुंग्या डब्यात शिरल्या होत्या बघा."

"शिरणारच," माळ न थांबवता त्या म्हणाल्या. "झाकण नीट बसत नाही त्याचं. वाजतं पण फार."

स्वयंपाकघरात येऊन पदर तोंडाला लावून हसले. मग वही काढली आणि ताकापुढे लिहिलं, "शेंगापोळ्या 3, लाइट बंद." बाकीच्या दोन कुठं लिहायच्या ते कळेना, सोडून दिल्या.

डबा आता पाण्याच्या परातीत ठेवलाय. मुंग्यांपुरता बंदोबस्त झाला.