वास्कोतला ‘एमटी ७३४’

आमच्या वास्कोतल्या कचेरीत चिनी बँकेचा ‘एमटी ७३४’ आला. हा कागदपत्रं नाकारल्याचा स्विफ्ट, म्हणजे बँकांच्या आपसातल्या जाळ्यावरचा, संदेश. ऑक्टोबर २००८, दिवाळी तोंडावर आलेली. माल ४४,००० टन फाइन्स, म्हणजे बारीक लोहखनिज. मुरगाव बंदरातल्या साठ्यातून भरून निघालेलं जहाज तोवर चीनच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. बँकेची हरकत एकच: इन्व्हॉइसवर खरेदीदाराच्या पत्त्यात ‘रोड’चं संक्षिप्त रूप छापलंय, एलसीत पूर्ण शब्द आहे. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: ठरलेली कागदपत्रं बरोबर आली की पैसे देऊ, ही खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी.

एरवी असे फरक खरेदीदार एका ओळीच्या होकाराने सोडून देतात. या वेळी सोडला नाही, कारण दुखणं पत्त्याचं नव्हतं, भावाचं होतं. सौदा उन्हाळ्यातल्या चढ्या भावाने ठरलेला आणि जहाज पोचेपर्यंत बाजार कोसळलेला. बिल कोरड्या टनावर लागतं. ४४,००० टनांतून ९ टक्के ओल वजा केली की उरतात ४०,०४० टन. टनामागे फक्त १० डॉलर उतरले, तरी खरेदीदाराचे ४ लाख ४०० डॉलर वाचतात. प्रत्यक्षात भाव त्याच्या कितीतरी पट उतरला होता.

उत्तर त्याच दुपारी पाठवायचं ठरलं. एलसीला लागू असलेल्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या कलम १४ (जे) प्रमाणे देश तोच असेल तर इन्व्हॉइसवरचा पत्ता एलसीशी अक्षरशः जुळावा लागत नाही. हा फरक बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवर, माल घेणाऱ्याच्या किंवा ज्याला कळवायचं त्याच्या रकान्यात असता, तर मात्र हरकत टिकली असती. म्हणून आधी ते रकाने एलसीशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासले, मगच उत्तर गेलं. संध्याकाळी दुसरा संदेश आला, नवी हरकत घेऊन: वजनाच्या दाखल्यावरची तारीख. तीही टिकणारी नव्हती. कलम १६ नुसार बँकेने सगळ्या हरकती एकाच नोटिशीत द्यायच्या असतात आणि कागदपत्रं पोचल्यानंतरच्या पाचव्या बँक-दिवसापर्यंतच. चीनमधली ऑक्टोबरच्या सुरुवातीची सुट्टी वगळून दिवस मोजले, तर तीही मुदत उलटून गेली होती. पुढे बँकेने हंगामी, म्हणजे तपासणीआधीच्या, बिलाचे पैसे सोडले. तिथल्या बंदरावरच्या तपासणीनंतर मिळायचा उरलेला हिस्सा मात्र खरेदीदाराने अडवून धरला आणि पुढच्या सौद्याची एलसी उघडलीच नाही. एलसीविना करार म्हणजे नुसता कागद, हे त्या दिवसांत वास्कोतल्या बऱ्याच कचेऱ्यांना कळून चुकलं.

मध्येच एका बार्जमालकाचा फोन आला. बार्ज म्हणजे आमोणेसारख्या नदीकाठच्या धक्क्यावरून बंदरापर्यंत खनिज नेणारी बोट. “साहेब, आमोणेला माल चढवू का?”

“शेट, एलसी उघडली की मीच कळवतो. तोवर एक टनही चढवू नका.”

“आणि टिपरवाल्यांना काय सांगू? सगळ्यांचे हप्ते आहेत.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरकर्जं बुडाली अमेरिकेत, मग आमोणेच्या धक्क्यावर काम का थांबावं? लेहमन ब्रदर्सने १५ सप्टेंबरला दिवाळखोरी जाहीर केली आणि बँकांचा एकमेकींवरचा विश्वास आटला. एका बँकेच्या एलसीला दुसरी बँक हमी द्यायला कचरू लागली. कारखान्यांच्या ऑर्डरी घटायला काही महिने लागतात. उधारी मात्र आठवड्यात गोठते. मंदी पहिल्यांदा एलसीत दिसते ती यामुळे. मालाची मागणी त्यामागोमाग पडली: अमेरिका-युरोपची खरेदी घटली, चीनच्या पोलाद कारखान्यांनी भट्ट्या मंदावल्या आणि बंदरांवर खनिजाचे ढीग साचले.

गोव्याला त्यात आणखी एक फटका बसला, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. सुक्या मालाच्या जहाजभाड्याचा बाल्टिक निर्देशांक मे २००८ मध्ये ११,७९३ होता, डिसेंबरात ६६३ वर आला. भाडं स्वस्त झालं म्हणजे आपला फायदा, असं वरवर वाटतं. पण लोहाचं प्रमाण कमी असलेला आपला माल चीनमध्ये खपायचा त्याचं एक मोठं कारण गोवा ब्राझीलपेक्षा कितीतरी जवळ, हे होतं. भाडंच पडलं तेव्हा या जवळिकीची किंमत पडली. ब्राझीलचं उंची खनिज आवाक्यात आल्यावर ५८ टक्के लोहाचा माल कोण घेणार? भट्टीत त्याला कोक, म्हणजे कोळशापासूनचं इंधन, जास्त लागतो, टाकाऊ धातुमळीही जास्त निघते. भाव चढे असतात तेव्हा तो मिसळायला चालतो. पडले की आधी तोच वगळला जातो.

नोव्हेंबरात चीन सरकारने ४ लाख कोटी युआनची योजना जाहीर केली. रेल्वे, रस्ते, घरं यांची कामं निघाली आणि गोव्याच्या मालाला पुन्हा गिऱ्हाईक आलं. त्यानंतरच्या सौद्यांत आम्ही दोन अटी घालू लागलो: एलसीला तिसऱ्या देशातल्या चांगल्या बँकेची हमी हवी आणि ती पहिली बार्ज भरायच्या आधी हातात हवी. काही खरेदीदार यावर उठून गेले. गेले ते गेले. उरलेल्यांशी व्यवहार झाला.