आत्याची बाटली आणि बाबांची गोळी

रविवारी आत्या सुदामा नगरहून आली ती हळदीच्या कॅप्सूलची बाटली घेऊनच. "दादाला रोज दोन देत जा. अगं, हळदच तर आहे!"

बाबांनी जन्मात विडी-सिगरेटला हात लावला नाही, तरी गेल्या श्रावणात फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. तपासणीत पेशींची वाढ सांभाळणाऱ्या ईजीएफआर जनुकातला बदल सापडला, म्हणून त्यावर चालणाऱ्या गेफिटिनिबची रोज २५० मिलिग्रॅमची एक गोळी. सकाळी आठला, पोह्यांच्या आधी.

मी दवा बाजारात चौदा वर्षं औषधंच हाताळतेय, त्यामुळे बाटली हातात आली की आधी मागची बारीक अक्षरं वाचते. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं द्रव्य, आणि त्याखाली पिपरिन, म्हणजे काळ्या मिरीतलं द्रव्य. नुसतं कर्क्युमिन अंगी फारसं लागतच नाही. १९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन माणसांना देऊन पाहिलं, तर रक्तातलं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. म्हणून ही जोडी. पण पिपरिन यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्सच मंद करतं. त्यांतलं एक सीवायपी३ए४, आणि गेफिटिनिब मोडायचं काम मुख्यतः त्याचंच. म्हणजे गोळी एकच, पण ती रक्तात जास्त साठण्याची भीती. गोळीच्या त्रासाने बाबांच्या गालांवर आधीच पुरळ आहे, जुलाबांनी पायजम्याची नाडी दोन बोटं आत आलीय. मला धोका पत्करायचा नव्हता.

आत्याला वाटलं, मी झाडपाल्याच्या विरोधात आहे. मुळीच नाही. आमच्या गॅलरीत सदाफुली आहे ना, तिच्यातल्या द्रव्यांपासून विनोरेलबिन हे केमोचं औषध बनतं, आणि ते सिस्प्लॅटिन या दुसऱ्या औषधाबरोबर याच कॅन्सरला देतात. यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलेलं पॅक्लिटॅक्सेल कार्बोप्लॅटिनबरोबर देतात. कर्क्युमिन आणि गेफिटिनिब एकत्र देऊन उंदरांच्या गाठींवर चांगला परिणामही दिसलाय. ते संशोधन पुढे जावं असं मला मनापासून वाटतं. पण बाबा उंदीर नाहीत, आणि फिनलंडमधल्या सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांची गोष्ट मी विसरू शकत नाही: गाजरातलंच बीटा-कॅरोटीन, गोळ्यांतून वर्षानुवर्षं दिलं, आणि १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला.

सोमवारी बाटली पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेली. लेबल वाचून त्यांनी मान हलवली, "गोळी चालू आहे तोवर नको."

संध्याकाळी आत्याला फोन केला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि वरणातली हळद?"

"ती घाल, आत्या. नेहमीसारखी."