होडीच्या गणिताने रडवलं तेव्हा

लेकीच्या दहावीच्या गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. लोप पद्धत, आलेख, क्रेमरची पद्धत या समीकरणं सोडवायच्या रीती तिची ती शिकली. गाडी अडली शाब्दिक उदाहरणांपाशी, आणि त्याचा राग मला अजून आहे. क्लासमध्ये प्रश्न वाचून झाला की दोन्ही समीकरणं थेट फळ्यावर! अहो, ती सोडवणं पोरांना येतंच. वाक्यातून समीकरण निघालं कसं, ते कोण सांगणार?

सगळ्यात जास्त छळलं होडीनं. 'एक होडी प्रवाहाच्या विरुद्ध १२ किमी आणि प्रवाहाच्या दिशेने २४ किमी जाण्यास एकूण ४ तास घेते. विरुद्ध १८ आणि दिशेने १२ किमी जाण्यासही ४ तासच लागतात. तर होडीचा संथ पाण्यातील वेग आणि प्रवाहाचा वेग काढा.' लेक 'समजा' लिहायची आणि पेन खाली ठेवायची. "बाबा, १२ आणि २४ ची बेरीज करू का?"

एका संध्याकाळी तिला सांगलीच्या घाटावर नेलं. होडीवाल्यानं वल्ही थांबवली तरी होडी कृष्णेच्या धारेबरोबर खाली सरकतच होती. तेवढं दिसलं आणि पोरगी बोलली, "म्हणजे जाताना पाण्याचा वेग मिळवायचा, उलट येताना वजा!" मला फार आनंद झाला.

घरी येऊन वहीत तीन रकाने आखले: अंतर, वेग, वेळ. संथ पाण्यात होडीचा वेग क्ष, प्रवाहाचा य. विरुद्ध वेग क्ष − य, दिशेने क्ष + य. तिसऱ्या रकान्यात अंतर भागिले वेग. प्रश्नात बेरीज तासांची दिलीय, म्हणून बेरीज त्याच रकान्याची. आता चलं, म्हणजे क्ष आणि य, छेदात गेली, म्हणजे समीकरण रेषीय राहिलं नाही. म्हणून १/(क्ष − य) ला म आणि १/(क्ष + य) ला न म्हणायचं: १२म + २४न = ४, १८म + १२न = ४. म = १/६, न = १/१२. इथे बरीच मुलं उत्तर आलं म्हणून थांबतात. थांबू नका! क्ष − य = ६, क्ष + य = १२ ही दुसरी जोडी अजून सोडवायचीय. होडी ताशी ९ किमी, प्रवाह ३ किमी.

ताळा प्रश्नातल्या वाक्यांवर करा, स्वतः मांडलेल्या समीकरणावर नको. मांडणीच चुकली असेल तर तो ताळाही जुळतो. इथे २ आणि २ तास, मग ३ आणि १ तास, दोन्हीकडे ४.

हो, आणि रकाने आखण्याआधी एकक बघायचं. मिनिटं दिली असतील तर आधी तास करून घ्या. दोन अंकी संख्येच्या उदाहरणात दशकाचा अंक क्ष आणि एककाचा य असेल तर संख्या १०क्ष + य, नुसती क्षय नव्हे. वयाच्या उदाहरणात '५ वर्षांपूर्वी' म्हटलं की ५ दोघांच्याही वयातून वजा करा. लेकीच्या वर्गात निम्मी पोरं एकाच्याच वयातून करतात.