विषय सोडायचा होता, तेव्हा कुणी काय केलं

पुण्यात मेकॅनिकलचं बी.ई. करून मी अमेरिकेत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या एम.एस.ला आले. दुसऱ्या सेमिस्टरला तीन विषय होते, प्रत्येकी ३ क्रेडिट. आमच्या युनिव्हर्सिटीत एम.एस.साठी ९ क्रेडिट म्हणजे फुल-टाइम, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर फुल-टाइम राहावंच लागतं. तिसरा विषय स्टोकॅस्टिक प्रोसेसेसचा, म्हणजे काळानुसार यादृच्छिकपणे बदलणाऱ्या गोष्टींच्या गणिताचा. बी.ई.ला एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, प्रोबॅबिलिटी शिकले होते ती एका युनिटपुरती. इथे पहिल्याच तासापासून सगळं त्याच्या पुढचं. मिडटर्मचे मार्क आले तेव्हा दिसलं, की हा विषय धरून ठेवला तर बाकीचे दोनही हातचे जातील.

पोर्टलवर ‘ड्रॉप’चं बटण समोरच असतं आणि दाबलं की विषय जातो. व्हिसाचं काय होईल, हे पोर्टल विचारत नाही. म्हणून आधी विषयांची निवड आणि आखणी बघणाऱ्या अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझरची वेळ घेतली.

मनात होतं की आपण अडचण सांगायची आणि त्या म्हणतील ते करायचं. आपल्याकडे एचओडी सरांकडे जातो तसंच. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर माझं डिग्री ऑडिट: झालेले विषय हिरवे, राहिलेले लाल. स्टोकॅस्टिकच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हा विषय सोडलास तर ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’, म्हणजे विषय सोडल्याची नोंद, येईल. जीपीएला धक्का नाही. पण याच्यावर अवलंबून असलेला पुढचा विषय फक्त फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सेमिस्टरला, असतो. मग तुझा प्लॅन काय?” मी गप्प. त्याही थांबल्या. उत्तर त्यांनी दिलं नाही, कारण ते माझ्याकडूनच यायला हवं होतं. तेव्हा मला ते जड गेलं, पण आज वाटतं, त्यांनी केलेली सगळ्यात मोठी मदत तीच.

व्हिसाचा प्रश्न आपल्या अखत्यारीत नाही, हेही त्यांनी लगेच सांगितलं. त्यासाठी इंटरनॅशनल ऑफिसमधले डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणारे युनिव्हर्सिटीचे अधिकारी. एफ-१च्या नियमांत अभ्यासातल्या अडचणींसाठी कमी क्रेडिट घेण्याची सवलत आहे, पण कारणं ठरलेली: सुरुवातीला इंग्रजीची किंवा वाचनाची अडचण, इथली शिकवण्याची पद्धत नवी असणं, किंवा विषयाची पातळी चुकीची ठरणं. माझं कारण शेवटचं. सवलत एका पातळीच्या शिक्षणात एकदाच मिळते, तरीही किमान ६ क्रेडिट ठेवावे लागतात आणि पुढच्या नियमित सेमिस्टरला पुन्हा फुल-टाइम व्हावं लागतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डीएसओची मंजुरी आधी आणि ड्रॉप नंतर. क्रम उलटला तर एफ-१चं स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून इथे राहण्याची कायदेशीर मान्यता, जातं.

घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, “मी बोलू का मॅडमशी?” ते स्वतः शिक्षक, त्यामुळे त्यांना हे सहज वाटलं. पण इथे १९७४ च्या फर्पा कायद्याने कॉलेजातल्या विद्यार्थ्याच्या रेकॉर्डवर हक्क विद्यार्थ्याचाच असतो. माझ्या लेखी संमतीशिवाय युनिव्हर्सिटी सहसा आईवडिलांशी मार्कांबद्दल बोलत नाही. बाबांना थोडं लागलं. मग आम्ही दोघांनी फोनवर बसून उरलेल्या सेमिस्टरचा तक्ता केला, आणि तो मी घेऊन गेले.

दुसऱ्या भेटीत बोलणं वेगळंच झालं. उन्हाळ्यात प्रोबॅबिलिटीचा पायाभूत कोर्स, फॉलमध्ये स्टोकॅस्टिक आणि त्याच्यावर अवलंबून असलेला विषय एकत्र. हे दोन एकत्र घ्यायला विभागाची परवानगी लागते, हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं, त्यांना होतं. त्यांनी प्रोफेसरांना मेल टाकला, डीएसओंच्या फॉर्मवर माझं कारण स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि सही केली. मंजुरीचा मेल आणि सुधारलेला आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो दाखला) आला, मगच मी ते बटण दाबलं.

नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी कळकळीने सांगते: भेटीला जाताना डिग्री ऑडिटची प्रिंट, दोन पर्याय आणि लिहून काढलेले प्रश्न न्या. भेट झाल्यावर काय ठरलं ते चार ओळींत मेल करून ठेवा. माणसं बदलतात, अ‍ॅडव्हायझर नोकरी सोडतात. माझ्याही बाई फॉलच्या आधी दुसरीकडे गेल्या. नवीन अ‍ॅडव्हायझरना मी तो मेल दाखवला आणि त्यांनी परवानगी त्याच दिवशी सिस्टिममध्ये टाकली.